श्रावण पौर्णिमा आणि माझा बंद केलेला पंप

चमत्कारावर आमच्या घरात कोणाचा विश्वास नाही, माझा तर नाहीच. म्हणून हे लिहावं की नाही, या विचारातच बरेच दिवस गेले. पण गेल्या वर्षावासात माझ्या बाबतीत जे घडलं ते सांगितलं नाही तर मी कृतघ्न ठरेन, आणि त्यात माझी स्वतःची चूक किती होती ते लपवलं तर खोटारडी.

मला दमा आहे. घाटकोपरच्या आमच्या वस्तीत हे सगळ्यांना माहीत आहे. डॉक्टरांनी दोन पंप दिलेत, एक रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा आणि दुसरा दम लागला की. उन्हाळ्यात दवाखान्यातल्या एका मुलीने मला श्वासाचे व्यायाम शिकवले. एक हात पोटावर ठेवायचा, नाकाने सावकाश श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून त्याहून सावकाश सोडायचा. मी विहारात आनापान करणारी, श्वासाकडे बघत बसायची मला जुनी सवय. व्यायाम पहिल्याच दिवशी जमला आणि तिथेच माझ्या डोक्यात हवा गेली. तिने बजावलं होतं की व्यायाम पंपाच्या जोडीला आहेत, पंपाच्या बदल्यात नाहीत. मी मान डोलावली, डॉक्टरांपुढे नेहमी डोलावते तशी.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. या तीन महिन्यांत आमच्या विहारात रोज ग्रंथवाचन होतं आणि वाचायचा मान माझ्याकडे असतो. या वेळी तिन्ही महिने अष्टशील, म्हणजे उपासनेचे आठ नियम, पाळायचं असं मी ठरवलं. त्यातल्या एका शीलाप्रमाणे दुपारी बारानंतर काही खायचं नाही. पंपही तोंडातूनच घेतात, म्हणून मी संध्याकाळचा पंप बंद केला. विहारातल्या भंतेजींना विचारलं नाही, कारण ते असं करू देणार नाहीत हे मनातून ठाऊक होतं. लग्न होऊन मुलुंडला गेलेली माझी मुलगी सुजाता रोज फोनवर विचारायची, पंप घेतलास ना. मी "हो गं" म्हणायचे. एक शील पाळण्यासाठी खोटं न बोलण्याचं दुसरं रोज मोडत होते आणि वर स्वतःवर खूश होते.

पंधरवड्यातच छाती जड व्हायला लागली. वाचताना वाक्य मध्येच तुटायचं. मी पान उलटायचं निमित्त करून थांबायचे. पायऱ्या चढताना भीती वाटायची, मग व्यायाम दुप्पट करायचे, आणि कोणी पाहत नाही ना हे बघून भिंतीला टेकायचे. आपण हळूहळू बुडतोय हे कळत होतं, पण आता पंप घेतला तर इतक्या दिवसांची तपश्चर्या वाया जाईल असं वाटायचं. बायका म्हणत होत्या की ताईंसारखं कडक शील कोणाला जमत नाही. खरं सांगते, मला ते ऐकायची चटक लागली होती.

श्रावण पौर्णिमेच्या दुपारी पावसामुळे विहाराची दारं लोटलेली होती. आत मेणबत्त्या, अगरबत्त्या, आणि माणसं खच्चून भरलेली. वाचता वाचता माझा श्वास अडकला. पोटावर हात ठेवला, ओठ आवळले, पण आत हवाच जाईना. अक्षरं पुसट झाली. दुसरा पंपही मी मोठ्या निश्चयाने घरी कपाटात ठेवून आले होते. मी आता मरणार, आणि सुजाताला वाटणार की आईने पंप घेतला होता, एवढंच मनात आलं.

तेवढ्यात मागून एक बाई माणसं ओलांडत आल्या. त्या आमच्या वस्तीतल्या नव्हत्या. पुढे रस्त्यावर पाणी भरलं होतं, विहार दिसला म्हणून जरा वेळ आत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "ताई, पंप कुठाय तुमचा?"

मी कसंबसं म्हटलं, "शील... बारानंतर..."

भंतेजी आसनावरून उठले. "औषधाला बारा वाजायची अट नाही. घ्या," म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने अगरबत्त्या विझवून दारं उघडायला गेले.

बाईंनी पर्समधून पंप काढला. त्यांच्या मुलालाही दमा आहे. तो आता शिकायला लांब असतो, तरी त्या जवळ एक नवा पंप ठेवतातच. पंप घेऊनही मी घाबरून हवा ओढतच होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "ओढू नका ताई. आधी सोडा. येणारा येतो आपोआप." त्या माझ्याबरोबर श्वास सोडत राहिल्या. छातीत थोडी वाट झाली तसं मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टर एवढंच म्हणाले की वेळेवर पंप मिळाला.

मला वाफ देत होते तेव्हा त्या निघून गेल्या. सुजाता आली, तेव्हा तिला मी सगळं खरं सांगितलं. ती माझ्यावर चिडली, मग माझ्या उशाशी बसून रडली. त्या रडण्याने माझा उरलासुरला अहंकार गेला. मी शील धरलं नव्हतं, मोठेपणा धरला होता.

आता दोन्ही वेळा पंप घेते, व्यायामही करते आणि मग वाचायला बसते. त्या बाई त्याच दुपारी तिथेच का थांबल्या, याचं उत्तर मी शोधत नाही. मिळालेलं हात जोडून घ्यावं, एवढं मला कळलं आहे. पौर्णिमेला पुण्यानुमोदनाच्या वेळी, म्हणजे आपलं पुण्य दुसऱ्याच्या नावे वाटताना, प्रत्येकजण आपल्या माणसाचं नाव घेतो. मला त्या बाईंचं नाव माहीत नाही. माझी पाळी आली की मी डोळे मिटते आणि एक लांब श्वास सोडते. भंतेजी तेवढा वेळ थांबतात, आणि मग पुढच्याला खूण करतात.