पार्टिशनच्या पलीकडून

शाळेची घंटा कधीची बिघडली होती, पण तिच्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. तिसरीच्या बाईंनी "चला, पुस्तकं मिटा!" म्हटलं की तिसरीची पुस्तकं मिटत, पार्टिशनच्या अलीकडे चौथीची मिटत, आणि जिन्याखाली डुलक्या काढणारे शिपाईमामा उठून फाटक उघडायला जात. मुलं पाठीमागे बाईंना भोंगाबाई म्हणत. बाईंच्या कानावर ते आलं होतं. "म्हणू देत की," त्या हसून म्हणायच्या, "भोंगा निदान शेवटच्या बाकापर्यंत पोचतो."

पोचवावा तर लागतच होता. वर्गात साठाच्या वर मुलं, खिडकीखाली रहदारीचा रस्ता, आणि एका मोठ्या खोलीचे दोन वर्ग करायला मध्ये ठोकलेलं प्लायवूडचं पार्टिशन. ते इतकं पातळ, की तिसरीत कुणी शिंकलं तर चौथीतलं पोर नाक पुसायचं. शाळेत शिक्षकांच्या दोन जागा रिकाम्या होत्या आणि रिकाम्याच राहणार होत्या. वरून आदेश येतात, फॉर्म येतात, मोबाईलवर भरायच्या माहित्या येतात. माणसं तेवढी येत नाहीत.

पार्टिशनच्या अलीकडे चौथीला होत्या नव्या बाई. कंत्राटावर लागलेल्या, वयानं लहान, अंगानं काडी. त्यांचा वर्ग शांत असतो म्हणून हेडसर त्यांचं कौतुक करत, आणि नव्या बाई खाली बघत. कारण खरं काय ते त्यांना माहीत होतं. पलीकडून "ए खिडकीतल्या, पाय खाली!" असा आवाज आला की अलीकडच्या खिडकीत बसलेलाही मुकाट पाय खाली घ्यायचा. दोन वर्ग एकाच आवाजावर चालले होते. शेजारच्या दिव्याच्या उजेडात आपलं वाचन उरकावं, तसं नव्या बाईंचं चाललं होतं.

मग एके दिवशी पाढा चालू असताना तो आवाज फाटला. "सात सक," बाई म्हणाल्या. "बेचाळीस!" मुलं ओरडली. बाईंनी पुढचं म्हणायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. दोन्हीकडची मुलं थांबून राहिली. पाढा तिथंच अडला.

घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की स्वरतंतूंवर गाठी आल्या आहेत, इतकी वर्षं ओरडून शिकवल्याचा प्रसाद. आता पूर्ण मौन. कुजबुजसुद्धा नाही, ती तर जास्तच वाईट. पुढच्या तपासणीत काय ते कळेल.

हेडसर माणूस वाईट नव्हता, फक्त थकलेला होता. "रजा घ्या," ते म्हणाले. बाईंनी पाटी ओढली आणि लिहिलं : माझ्या जागी कोण?

हेडसरांनी पंख्याकडे पाहिलं. "मुलं इतर वर्गांत वाटून देऊ. दुसरं काय करणार?"

वाटून द्यायची म्हणजे काय, हे दोघांनाही कळत होतं. ही मुलं आधीच कच्ची आलेली. जोडाक्षर दिसलं की निम्म्यांना घाम फुटायचा. वाटून दिली की प्रत्येक वर्गात मागच्या बाकावर बसतील आणि तिथंच राहतील. बाईंनी पाटी पुसली आणि लिहिलं : मी वर्गात जाते. बोलणार नाही.

"न बोलता शिकवणार? अहो, लोक मला जोड्यानं मारतील!" पण जास्त वाद घालायची ताकद हेडसरांतही नव्हती. "ठीक आहे, तपासणीपर्यंत. त्यानंतरही आवाज वर्गाला पुरणार नसेल, तर मला वर कळवावं लागेल. मग ते तुम्हाला ऑफिसात टेबलावर बसवतील, फायली लावायला."

बाईंचा चेहरा तेव्हा कसा झाला, ते नव्या बाईंनी दारातून पाहिलं. वर्ग सोडून बाईंना दुसरं काही नको होतं. दुसरं काही येतही नव्हतं म्हणा ना.

घरी बाईंचा नवरा आधी खुशीत होता. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझं वाक्य पुरं होतंय," असं त्यानं शाळेपर्यंत सोडायला आल्यावर नव्या बाईंना ऐकवलंही. आठवडा सरला तसा तो फाटकापाशी घुटमळू लागला. एकदा बायकोला म्हणाला, "भांड तरी गं माझ्याशी. घर खायला उठतंय." बाईंनी त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि आत गेल्या.

पहिले दिवस म्हणजे नुसता बाजार. मांजर घरात नाही म्हटल्यावर उंदरांनी काय करायचं तेच केलं. आणि आवाज गेल्याबरोबर अलीकडची चौथीही उधळली. नव्या बाई ओरडून ओरडून रडकुंडीला आल्या. या वर्गावर आपला कधी ताबाच नव्हता, हे त्यांना त्या दिवसांत नीट उमगलं.

पार्टिशनचा एक कोपरा उचकटला होता. नव्या बाईंनी न राहवून त्या फटीला डोळा लावला. पलीकडे बाई फळ्यासमोर नुसत्या उभ्या होत्या. एका हातानं स्वतःच्या कानाची पाळी धरलेली. रागावलेल्या नाहीत, काही नाही, आपल्या उभ्या. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं त्यांच्याकडे पाहून आपली पाळी धरली. मग तिच्या शेजारणीनं. पाळ्या धरण्याची ती गोष्ट मागे मागे सरकत गेली आणि शेवटच्या बाकाशी पोचली, तेव्हा खालच्या रस्त्यावरच्या सायकलची घंटी वर्गात ऐकू आली.

त्यानंतर नव्या बाईंचा एक डोळा त्या फटीशीच असायचा. पाळी धरली म्हणजे ऐका. डस्टर उभं ठेवलं म्हणजे वेळ संपत आली. आणि डोक्यावर तळहात ठेवला म्हणजे : मला कळलं नाही. ही शेवटची खूण बाईंनी मुलांना दिली होती, मुलांनी वापरायची. ज्या दिवशी ती दिली, त्या दिवशी बाईंनी फळ्यावर एक गणित मांडलं, सोडवलं आणि वळून पाहिलं. एक हात डोक्यावर गेला. मग दुसरा. बघता बघता अर्ध्याहून जास्त वर्ग डोक्यावर हात ठेवून बसला. बाई त्या हातांकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं "कळलं का?" असं त्या गर्जून विचारायच्या आणि साठ गळे "होऽ" म्हणायचे. आता पहिल्यांदा खरं उत्तर आलं होतं. बाईंनी फळा पुसला आणि गणित पहिल्यापासून मांडलं. हात कमी झाले. पुन्हा पुसला, पुन्हा मांडलं. शेवटचा हात खाली येईपर्यंत बाई पुसत आणि मांडत होत्या. फटीशी उभ्या नव्या बाईंना तिथून हलवेना. असं शिकवणं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

आपण या बाईंचं देणं लागतो, असं त्यांना वाटू लागलं, आणि त्या भरात त्यांनी एक चूक केली. इतके दिवस त्यांनी माझा वर्ग चालवला, आता मी त्यांचा चालवते, असं ठरवून त्या पार्टिशनजवळ उभ्या राहिल्या आणि तिसरीचा धडा दोन्ही वर्गांना ऐकू जाईल अशा खड्या आवाजात वाचू लागल्या. चौथी तोंड उघडं टाकून बघत राहिली. दुसऱ्याच पानावर दार उघडलं. भोंगाबाई आत आल्या, नव्या बाईंच्या समोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपलं बोट आधी स्वतःच्या गळ्याला लावलं, मग नव्या बाईंच्या. बोट गार होतं, खडूनं माखलेलं. तुझाही जाईल, एवढाच त्याचा अर्थ. नव्या बाईंनी पुस्तक मिटलं. त्या वळल्या आणि आपल्या वर्गासमोर त्यांनी कानाची पाळी धरली. फटीतून बघून बघून चौथीला त्या खुणा आधीच पाठ झाल्या होत्या.

एक दिवस एका मुलीचे वडील तावातावानं तिसरीच्या दारात आले. "बाई बोलत नाहीत तर शिकवतात काय? आम्ही काय मूर्ख आहोत?" सगळ्या वर्गानं त्यांच्याकडे वळून कानाच्या पाळ्या धरल्या. ते गांगरले आणि आपोआप हळू बोलू लागले. "नाही, म्हणजे... विचारत होतो." त्यांच्याच मुलीनं जागेवरून उठून, जोडाक्षरांनी भरलेला एक परिच्छेद न अडखळता वाचला. आवाज तिचा मुळातच बारीक, पण ऐकू आला. वडील तिथंच उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "अजून एक वाच ना."

तपासणी झाली. गाठी ओसरल्या होत्या, पण जुना आवाज परत येणार नव्हता. येईल तो लहानसा, घरात बोलण्यापुरता, डॉक्टर म्हणाले. तो ताणला तर तोही जाईल. हेडसरांनी हे ऐकून डोळ्यांवरचा चष्मा काढला. "उद्या वर्गात बोलून बघा. मी मागे उभा राहतो. शेवटच्या बाकापर्यंत पोचला नाही, तर माझे हात बांधलेले आहेत."

दुसऱ्या दिवशी हेडसर तिसरीच्या मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. नवरा कामावर न जाता शिपाईमामांच्या शेजारी जिन्यावर बसला. अलीकडे नव्या बाईंनी चौथीला वाचायला सांगितलं होतं, पण पुस्तकात कुणाचंच लक्ष नव्हतं, खुद्द त्यांचं तर मुळीच नाही. रस्त्यावरून एक ट्रक धडधडत गेला. आज नेमका सगळ्या गावाला इथूनच जायचं होतं, नव्या बाई मनात चरफडल्या.

पलीकडे बाईंनी पाळी धरली असावी. कारण तिसरी शांत झाली, आणि इकडे खिडकीतल्या मुलानं कुणी न सांगता पाय खाली घेतले. चौथीच्या सगळ्या वर्गानं कानाच्या पाळ्या धरल्या. ट्रकचा आवाज लांब गेला. श्वास घेतल्याचं ऐकू यावं इतकी शांतता त्या दोन्ही खोल्यांत पसरली, आणि तिच्यातून, पार्टिशनच्या पलीकडून, एक बारीक, खरखरीत, कुणाच्याच ओळखीचा नसलेला आवाज आला.

"सात साती."

"एकोणपन्नास," तिसरी हळूच म्हणाली. चौथीही म्हणाली. आणि मागच्या भिंतीपाशी उभे असलेले हेडसरही म्हणाले.