रिकाम्या हातांची सुट्टी

इचलकरंजीतल्या यंत्रमागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही. माणसं हातांनी बोलतात. करंगळी दाखवली की लघवी, ओठांना दोन बोटं लावली की सिगारेट. मिसरूड फुटल्यापासून ईरप्पा ती दोन बोटं लावत आला होता. शेजारचा निसार तेवढा वेळ त्याचे माग बघायचा आणि ईरप्पा कारखान्याबाहेर भिंतीच्या सावलीत थोडी शांतता ओढून घ्यायचा.

गेल्या थंडीत डॉक्टरांनी त्याच्या छातीचा फोटो उजेडाला धरला.

"आत कापूस आहे आणि धूर आहे. कापूस सोडलात तर खाणार काय? धूर सोडा. नाहीतर वर्षभरात मागापुढं उभं राहणं व्हायचं नाही."

ईरप्पानं दवाखान्याच्या दारातच पाकीट गटारात टाकलं.

"सणापातुर तरी टिकंल का नेम तुमचा?" घरी त्याची बायको मल्लव्वा म्हणाली.

त्यानं लवंग दाढेखाली धरली.

तलफ सोसता आली. सोसवेना ते वेगळंच. सिगारेटबरोबर सुट्टीही गेली होती. न ओढणाऱ्याला बाहेर जायला कारण नसतं. अख्खी पाळी तो आवाज अंगात भरून घेत उभा राहायचा. हळूहळू त्याच्या मनात सिगारेट म्हणजे बाहेर जायचं दार झाली. नुसतं ढकललं असतं तरी ते दार लगेच उघडलं असतं.

एका दुपारी त्याची बोटं आपोआप ओठांकडं निघाली. त्यानं हात अर्ध्यावर आवरला, निसारला नुसतं बाहेर बोट दाखवलं आणि चालू लागला.

भिंतीपाशी कारखान्यातलाच तरणा बसवेश सिगारेट ओढत होता. पाठोपाठ मुकादम उदयसिंह आला.

"काय रं ईरप्पा, परत चालू केलीस व्हय?"

"न्हाय."

"मग हितं काय करतोयस?"

"उभा हाय."

"नुसतं उभं ऱ्हायाची सुट्टी कुणी दिली तुला? वढायची असंल तर वढ, न्हायतर आत चल!"

बसवेशनं पाकीट पुढं केलं. "मामा, एक हातात धर की. पेटवू नगंस. मुकादमाच्या डोळ्याला बरं वाटंल."

ईरप्पानं पाकिटाकडं पाहिलं. आज धरलेली उद्या पेटणार, हे त्याला आपल्या हाताच्या ओळखीनं ठाऊक होतं. त्यानं दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"ह्याची शिगरेट संपंस्तवर मी हितं उभा ऱ्हाणार. रोज. पगार काप, न्हायतर कामावरनं काढ. पर मोकळ्या हातानं उभा ऱ्हाणार."

"यडं लागलंय म्हाताऱ्याला," मुकादम म्हणाला. पण तिथंच घुटमळला.

"मग मी दमानं वढतो की, मामा," बसवेश हसला.

ईरप्पा हसला नाही. धूर त्याच्याकडं येत होता. तो सरकून वाऱ्याच्या बाजूला गेला आणि पाय रोवून उभा राहिला. छाती घरघरत होती. बसवेशची सिगारेट अजून बरीच शिल्लक होती.