सुतळीचा नारळ

दर्याला नारळ द्यायचा आणि तोही सुतळी बांधून, असं करणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. हिराताई तांडेल. नारळी पौर्णिमेला ती आपल्या बोटीच्या पुढच्या टोकाला उभी राहायची, हळदकुंकू लावलेला नारळ खाडीत सोडायची, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची आणि मग विहिरीतून कळशी ओढावी तसा तो नारळ परत वर घ्यायची. सिंगापुरात पाण्यात काही टाकलं तर दंड! "दर्यानं बघितला, खूश झाला. आता आपण खाऊ," म्हणायची आणि त्याच नारळाचा नारळीभात करून आम्हा पंधरावीस मराठी माणसांना पोटभर वाढायची.

ही रेवदंड्याच्या कोळ्याची मुलगी, कॉमर्सची पदवीधर. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. चांगी बिझनेस पार्कमधल्या बँकेत माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसायची. कडक इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसला येणारी ही बाई संध्याकाळी हौगांगच्या पलीकडच्या खाडीत एका जुन्या लाकडी बोटीवर राहायला जाते, हे कळल्यावर आमच्या लोकांना काय पोटशूळ उठला म्हणून सांगू! "फ्लॅट परवडत नाही का हो?" "नवऱ्यानं टाकली असेल." अरे, तिनं लग्नच केलं नव्हतं! तिच्या कानावर हे गेलं तेव्हा ती खो खो हसली. "मला कुनी टाकली नाय गो. मीच इथं नांगर टाकलाय."

बोटीवर राहणं म्हणजे मौज नव्हे. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी बोटीच्या तळाशी झिरपलेलं पाणी पंपानं उपसायचं. मग जेट्टीवरच्या नळाला पाइप जोडून टाकी भरायची. पापड-लोणच्यांना बुरशी धरायची. शेजारून मोठी बोट गेली की सगळं घर डोलायचं, म्हणून ताटांखाली ओलं फडकं आणि तवासुद्धा खिळ्याला सुतळीनं बांधलेला. अधूनमधून बोट बाहेर ओढून बुडाला चिकटलेला शिंपल्यांचा थर खरवडायला लागायचा. मी एकदा म्हटलं, "हिराताई, कशाला हा व्याप?" तर म्हणाली, "तू घराची लादी पुसतेस ना? मी बूड घासते. फरक काय? बोट जरा हलली की बरं वाटतं बघ. कुनीतरी आपल्याबरोबर जागं हाय असं वाटतं." आणि वर हेही ऐकवलं, "बोटीवर सगळं बांधून ठेवावं, बाय. तोंड तेवढं मोकळं ठेवावं."

आता सबनीसांविषयी. हे बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोत राहणारे, आमच्या गटाचे स्वयंघोषित पालक. कोणी न विचारता सगळ्यांचं भलं करायचा ठेका यांच्याकडे. दर वर्षी सहकुटुंब यायचे, बोटीच्या टोकावर बायकोचे फोटो काढायचे, नारळीभात दोनदा मागून घ्यायचे. एका वर्षी जेवताना बोट जरा जास्त हलली, सबनीसांना गरगरलं, आणि घरी जाऊन या गृहस्थांनी काय करावं? जेट्टीच्या मालकाला पत्र लिहिलं! "एक एकटी स्त्री असुरक्षित बोटीत राहते, कृपया लक्ष घालावे." प्रत आणखी कुठल्याशा सरकारी ऑफिसला. आणि हे सगळं हिराताईला एका शब्दानं न विचारता!

नियम असा होता की जेट्टीला बोट बांधता येईल, मुक्काम करता येणार नाही. म्हातारा चिनी मालक इतकी वर्षं काणाडोळा करत होता, कारण ही बाई त्याच्या जेट्टीवर त्याच्यापेक्षा जास्त झाडू मारायची. पत्रानंतर त्याचाही इलाज चालेना. महिन्याअखेर बोटीतला बिछाना हलवा, म्हणाला. हिराताई त्याच्यावर भडकली तर बिचाऱ्यानं पत्राखालची सही दाखवली आणि हात जोडून म्हणाला, "सिस्टर, नॉट मी लाह! युवर ओन पीपल!"

मी तडक सबनीसांकडे गेले. "अहो, काळजीपोटी केलं," ते म्हणाले. "काही बरंवाईट झालं असतं तर नाव आपल्या सगळ्यांचंच खराब झालं असतं."

"तिला विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय?"

"मग आता लिहा, तक्रार मागे घेतो म्हणून."

"छे छे! माझा पीआरचा, इथल्या कायम वास्तव्याचा, अर्ज चालू आहे. आता मधे पडणं बरं नाही."

बघा! आग लावताना आड न आलेला अर्ज विझवताना मात्र बरोबर आड आला. बाकीच्यांना फोन केले, तर बायका म्हणाल्या, "झालं ते बरंच झालं, आता माणसासारखी राहील." याच बायका तिच्या हातचा भात डबे भरून घरी नेत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

हिराताई माझ्याकडे आली, अकराव्या मजल्यावर. पहिल्याच दिवशी तिनं माझा तवा खिळ्याला बांधला, ताटाखाली ओलं फडकं घातलं. माझी लेक हसून लोटपोट. "आँटी, द फ्लॅट डझन्ट मूव्ह लाह!"

"तोच तर तरास हाय, बाय," हिराताई म्हणाली. तिला झोपच येत नव्हती. रोज पहाटे उठून जेट्टीवर जायची, पाणी उपसायची, ऑफिसला यायची आणि काम करता करता पेंगायची. डोळे खोल गेले. शेवटी तिनं पलीकडे मलेशियात, जोहोरच्या बाजूला, एका कोळीवाड्यासारख्या गावात बोटीला जागा शोधली आणि चांगली नोकरी सोडून दिली. "खानदानात मीच पहिली बँकेत गेली," एवढंच ती राजीनामा देताना म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

जाण्याआधी पुढच्या वर्षीची नारळी पौर्णिमा आली. निरोप द्यायचा म्हणून सगळे जमले. सबनीससुद्धा! कॅमेऱ्यासकट, बायकोसकट. "ताई, आज भाताला उशीर होतोय हं," असं म्हणायची हिंमतही झाली त्यांची.

हिराताई टोकाला गेली, नारळाला हळदकुंकू लावलं, डोळे मिटले आणि नारळ खाडीत लांब फेकला. सुतळी नव्हती.

"अहो ताई, सुतळी!" सबनीस ओरडले. "दंड होईल ना!"

हिराताईनं पँटला हात पुसले. "होऊ दे की. लिहा पत्र. पत्ता तुमच्याकडं हायच."

सबनीसांचा कॅमेरा खाली आला. नारळ डुलत डुलत खाडीच्या तोंडाकडे निघाला आणि आम्ही सगळे उपाशीपोटी त्याच्याकडे बघत उभे राहिलो.

दोन दिवसांनी त्याच वाटेनं हिराताईची बोट गेली.