हलिमाभाभीचं एक वाक्य

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. बायकोच्याही नाही – आणि तिला वाटतं, मी तिच्यापासून काही लपवत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगायला जमेल. जमेल का? तोंड उघडून बघतो.

नव्वदच्या दशकात मी बहरीनला होतो. मूळचा महाडकडचा, बौद्ध घरातला. टायपिंग-शॉर्टहँड शिकलो, तिथल्या ओळखीतून व्हिसा मिळाला आणि अदलिया नावाच्या भागातल्या एका बंगल्यात भरणाऱ्या कचेरीत लागलो. अग्निशमन दलातली आणि पोलिसांतली माणसं निवृत्त झाली, जायबंदी झाली किंवा मेली, तर त्यांच्या पेन्शनचं काय करायचं हे ठरवणारं ते मंडळ होतं. पाच सभासद, आणि मी सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे सभा बोलवायची, काय ठरलं ते लिहायचं, आणि कुठे अडलं तर नियम काय आहे ते सांगायचं.

त्यातला एक नियम असा होता, की एखाद्या प्रकरणात सभासदाचा स्वतःचा संबंध असेल तर त्याने उठून बाहेर जायचं. आणि ही आठवण अध्यक्षांना करून द्यायची ती सेक्रेटरीने. ती नियमावली मीच टाइप केली होती. हे आधीच सांगून ठेवतो – मला माहीत नव्हतं असं नंतर म्हणायला जागा नको.

आम्ही माहूजला राहायचो. वरच्या मजल्यावर याकूबभाई, हलिमाभाभी आणि त्यांच्या मुली. दापोलीकडचे कोकणी मुसलमान. याकूबभाई दलात फायरमन. आपल्याकडची माणसं त्या दलात थोडीच होती, पण हा माणूस सगळ्यांना हवा असायचा. माझ्या बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा मी घरात नुसता इकडून तिकडे फिरत होतो. तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं ते त्यांनी. माझी मुलगी भाभींच्या हातचं जेवून मोठी झाली. भाभी फारशा बाहेर पडत नसत. अरबी येत नव्हतं, इंग्रजी नाही, हिंदीसुद्धा अडखळत. पण आमच्या घरी आल्या की त्यांच्या कोकणी बोलण्याला खळ नसायचा.

एका शुक्रवारी दुपारी हिद्दला रंगाच्या गोदामाला आग लागली. शुक्रवार सुट्टीचा, त्यात दलाच्या प्रमुखाने बऱ्याच जणांना रजा देऊन टाकलेली. या प्रमुखाला सगळे मोठे साहेब म्हणायचे. माणसं कमी पडली. याकूबभाईंचीही त्या दिवशी सुट्टी होती. ते जेवायला बसले होते. मोठ्या साहेबांचा ड्रायव्हर जिना चढून वर आला आणि त्यांना घेऊन गेला. त्यांचा मास्क, त्यांचा पोशाख – सगळं स्टेशनात कुलपात राहिलं. गाडी थेट हिद्दला गेली. आत अडकलेला एक मजूर त्यांनी बाहेर काढला. दुसऱ्यासाठी परत आत गेले, आणि छप्पर खाली आलं.

मोठ्या साहेबांनी मंडळाला काय कळवलं? की याकूब सुट्टीवर होता, त्याला कुणी बोलावलं नव्हतं, तो आपल्या मर्जीने आला. हुकमावरून गेलेला माणूस मेला तर बायकोला जन्मभर पेन्शन. मर्जीने गेलेला मेला, तर त्याचं स्वतःचं जमा असेल तेवढं द्यायचं आणि खलास. शिवाय विनामास्क माणूस आगीत पाठवला, याचा जाब साहेबांना द्यावा लागला असता. तोही टळला.

आणि हेच मोठे साहेब आमच्या मंडळात दलाचे प्रतिनिधी होते.

आता कळलं ना, तो नियम मी आधी का सांगितला?

सुनावणीच्या सकाळी ते येऊन आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसले. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं – सगळी तयारी आहे ना, एवढंच विचारायला. तेव्हा मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी मान हलवली. तयारी आहे.

मी घाबरलो होतो का? हो. माझा करार संपत आला होता. मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती. माझ्या आधीच्या माणसाला साहेबांच्या मर्जीतून उतरल्यावर घरी पाठवलं होतं, असं कचेरीत बोलायचे. पण मला कुणी धमकी दिली नव्हती. सांगून ठेवतो – मला कुणी काहीही म्हटलं नव्हतं. भीती माझी मीच घरून घेऊन आलो होतो.

हलिमाभाभींना आत बोलावलं. काळा बुरखा, हात त्यात घट्ट धरलेले. अध्यक्षांनी अरबीत विचारलं, त्या दिवशी काय झालं. मी त्यांना मराठीत सांगितलं – तिथे राहून अरबी शिकलो होतो, म्हणून दुभाषाही मीच होतो. भाभींनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या विश्वासाने माझ्याकडे त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

त्या म्हणाल्या, "हे जेवत होते. ड्रायव्हर वर आला. बोलला, साहेबांनी गाडी पाठवलीय, आग लागलीय, आत्ताच्या आत्ता चला. म्हणून हे ताटावरून उठले. हातसुद्धा धुतला नाय."

मी अरबीत सांगितलं, "ती म्हणते, तो जेवत होता. आग लागल्याचं कळलं. तो ताबडतोब उठून गेला. हातसुद्धा धुतला नाही."

इतकंच. मी काही खोटं घातलं नाही, हे तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं. फक्त एक वाक्य मधून काढलं. ते बाकीचं किती नीट, किती ओळीने सांगितलं मी – न धुतलेला हातही सोडला नाही.

साहेब आणि गाडी – आपल्याकडची माणसं हाताखाली असलेल्याला हे दोन शब्द कळतातच. मोठ्या साहेबांना कळले. त्यांनी झटकन वर पाहिलं. मग माझं भाषांतर ऐकलं. मग नजर खाली घातली आणि पाण्याचा ग्लास उगाच सरकवला. त्या क्षणी खोलीत आम्ही दोघंच होतो ज्यांना काय झालं ते ठाऊक होतं. अध्यक्षांनी विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का. भाभी म्हणाल्या, "नाय. सांगितला सगला."

निकाल मर्जीने गेला असाच लागला. एकमताने. मीच तो लिहून काढला.

बाहेर बाकावर भाभी बसून होत्या. निकाल ऐकून त्या रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "भाऊ, माझा बोलना सगला सांगितलात ना त्यांना?"

"हो भाभी. सगळं सांगितलं."

"आता काय करता येईल?"

येत होतं. मुदतीत फेरसुनावणी मागता येत होती, ड्रायव्हरला बोलावता येत होतं. तोही नियम मीच टाइप केला होता. मी म्हटलं, "मंडळाचा निकाल शेवटचा असतो, भाभी. आता खलास."

आधीचं पाप भीतीचं होतं म्हणा. पण हे? तिथे साहेब नव्हते, कोणी नव्हतं. बाकावर मी आणि ती विधवा बाई. मग का? कारण फेरसुनावणी झाली असती, तर ते वाक्य पुन्हा कुणीतरी बोललं असतं, आणि मी ते गिळलं हे कळलं असतं. मी स्वतःला वाचवलं, दुसरं काही नाही.

माझा करार वाढला. चौकशी केली तेव्हा कळलं, वाढवायचं सुनावणीच्या आधीच ठरलं होतं. त्या महिन्यात भाभी मुलींना घेऊन गावी परतल्या. विमानतळावर मी सामान उचललं. त्यांनी माझ्या मुलीला जवळ घेतलं आणि मला म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून तरी मला बोलता आला."

त्या वर्षीच्या जयंतीला आमच्या लोकांनी मला भाषणाला उभं केलं. आपल्या आजोबा-पणजोबांना तोंड उघडायची सोय नव्हती, यावर मी बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दोनदा पाणी मागितलं.

काही वर्षांनी रजेवर आलो तेव्हा बायको मागे लागली, भाभींना भेटून येऊ. दापोलीच्या पुढे त्यांचं गाव. थोरली मुलगी शाळा सोडून कोळंबी सोलायला जात होती. तिची बोटं सुजलेली होती. आम्ही आलो म्हणून भाभींनी शेजारून दूध आणून चहा केला. बायको मुलींशी बोलत होती तेव्हा भाभी मला हळूच म्हणाल्या, "भाऊ, मी अडाणी बाय. एवढ्या मोठ्या मानसांसमोर थरथरले. मलाच नीट बोलता आला नाय. यांचा हक मी घालवला. पोरीपन तेच बोलतात."

थोरली दारातून आईकडे बघत होती. त्या बघण्यात राग होता, जुना, रोजचा.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. आणि म्हणालो, "तसं मनाला लावून घेऊ नका, भाभी."

त्यांनी डोळे पुसले. माझ्या कपात आणखी चहा ओतला. मी तो प्यालो.

त्यानंतर मी तिथे गेलो नाही. गेल्या साली भाभी वारल्याचं कळलं. बायको फोनवर थोरलीशी बोलत होती आणि मी शेजारी बसून ऐकत होतो. थोरली म्हणत होती, शेवटी शेवटी अम्मा तापात तेच तेच बोलायची – गाडी पाठवलीय, आत्ताच्या आत्ता चला. कुणाला काही कळत नव्हतं, ती कुणाला सांगतेय.

मला कळत होतं. मी फोन मागून घेतला नाही.