निळ्या ताटलीवरचा आयतोबा

काकूंनी प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं नुसत्या बाटल्या धुतल्या, असं म्हणणाऱ्यांनी कधी बाटली धड धुतलेली नसते. जिवाणूंना लोखंडावाचून उपाशी ठेवायचं, तर काचेला लोखंडाचा कणही राहून चालत नाही. काकू काच आधी आम्लात बुडवायच्या, मग शुद्ध पाण्यानं सहा वेळा खळबळून काढायच्या. नळाचं पाणी आणि स्टीलचा चिमटा त्या जवळपासही फिरकू देत नसत.

उपाशी जिवाणू लोखंड पकडून आणणारा एक रस बाहेर सोडतात आणि ते वाढवायच्या निळ्या ताटलीवर त्यांच्याभोवती नारिंगी कडं उमटतं. एकदा काकूंना त्यांच्यात एक बिनकड्याचा ठिपका दिसला, तोही चांगला गुटगुटीत. त्यांनी त्याला दुसऱ्या ताटलीवर एकटं ठेवलं, तर काहीच उगवलं नाही. तीनदा खात्री करून मग त्यांनी पोरीला बोलावलं.

पोर म्हणजे तिथली संशोधक. काकूंनीच तिला हाताला धरून शिकवलं होतं. तिनं जनुकं तपासली.

"काकू, एका जनुकात एकच अक्षर बदललंय. रस बनत नाही, पण लोखंड आत घ्यायचं दार शाबूत आहे."

"म्हणजे शेजाऱ्यांच्या जिवावर जगतोय. आयतोबा मेला."

पोर खूप हसली. "लेखात तुमचं नाव घालते. शब्द देते."

काकूंनी घरी सांगितलं. शिंपीकाम करणाऱ्या नवऱ्यानं लेख चौकटीत टांगायला मशीनच्या वरच्या भिंतीवर लगेच खिळा ठोकला.

लेख आला तो काकू निवृत्त झाल्यावर. नवऱ्यानं बोट ठेवून पाचही नावं वाचली, मग पुन्हा वाचली; काकूंचं त्यांत नव्हतं. आत लिहिलं होतं, 'हा जिवाणू आम्हाला योगायोगाने सापडला.' वरिष्ठांनी नुसतं नाव खोडलं असतं तर काकूंना एवढं लागलं नसतं, पण हे वाक्य पोरीच्या हातचं होतं.

दोन महिन्यांनी तिचा फोन आला.

"काकू, आयतोबा एकटाच उगवतोय हो. सगळ्याच ताटल्यांवर. लोक म्हणतात, लेख खोटा आहे. काय चुकतंय?"

तिच्या मागे नळ वाहत होता आणि काचेवर चिमटा वाजत होता. काकूंनी दोन्ही ऐकलं.

"सापडेल गं," त्या म्हणाल्या, "योगायोगानं."

फोन ठेवल्यावर त्यांना मुळीच बरं वाटलं नाही. भिंतीवर खिळा अजून तसाच होता.