आधी मिरचीला विचारा

“परत कधी जाणार?” असं कुणी विचारलं की वहिनी हातातलं काम थांबवायच्या. टोपलीतली एक हिरवी मिरची उचलायच्या, विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढं धरायच्या आणि म्हणायच्या, “आधी मिरचीला विचारा.”

विचारणारा गोंधळायचा. मग त्या सुनावायच्या, “मिरची माझ्या मुलखातनं आली. टोमॅटो, पेरू, सीताफळ, तुमच्या दसऱ्याचा झेंडू, समदं तिकडचं. त्यांना कुणी म्हणतं का, लई दिस झालं, आता घरी जावा?”

वहिनी मेक्सिकोच्या. आमचे शेजारी तिकडं एका साखर कारखान्याची यंत्रं बसवायला गेले होते. तिथं ऊसतोड करणाऱ्या एका माणसाच्या मुलीशी त्यांचं लग्न झालं आणि ती मुलगी माळेगावात आली. मराठी त्या सासूकडून शिकल्या, म्हणून बोलायच्या सासूसारख्याच. बारामतीच्या बाजारात पाठमोऱ्या त्यांना ऐकलं असतं, तर तुम्हीही त्यांना शेळगाव नाहीतर लोणी भापकरच्या समजला असता.

घरात पाऊल टाकल्यावर त्यांच्या ओळखीची एकच वस्तू निघाली, ती म्हणजे पाटा-वरवंटा. त्यांच्या आजीकडं असाच दगड होता. नव्या नवरीनं पाट्याला मिठी मारली, हे सासूबाई मरेपर्यंत सांगत होत्या.

पानाच्या टपरीवर त्या वाटीभर चुना मागायच्या. टपरीवाले चाचा बिचारे दर वेळी विचारायचे, “वैनी, तंबाखू किती देऊ?” गावानं ठरवून टाकलं होतं की ही बाई तंबाखू खाते आणि तीही बेसुमार. खरं म्हणजे त्या चुन्याच्या पाण्यात मका शिजवायच्या, चोळून सालं काढायच्या, पाट्यावर वाटायच्या आणि हातावर थापून भाकरी करायच्या. त्या मक्याचा वास आमच्या वाचनालयापर्यंत यायचा. वाचणारे पेपर ठेवून उठायचे.

त्यांचे दीर आबा मात्र नाक मुरडायचे. आमच्याकडं मका म्हणजे वैरण. “वैनी, जनावराचं खाणं माणसाच्या ताटात?”

“मग जनावराच्या ताटात बसा की, भावजी. तितं ऊन ऊन मिळंल.”

आबा वरून हसायचे, पण ही बाई कधीतरी जाणार, हे त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. वहिनींचे यजमान वारले आणि ते पहिल्यांदा उघड बोललं गेलं, भावाच्या दहाव्याला.

नदीकाठी पिंड मांडला होता. कावळे बाभळीवर बसून होते, शिवत नव्हते. मेलेल्याची इच्छा राहिली असेल, तर ती कबूल करावी लागते. कुणी म्हणालं, शेत नीट बघू. कुणी म्हणालं, घराचं काम पुरं करू. कावळे ढिम्म. मग आबा हात जोडून म्हणाले, “दादा, वैनींना नीट त्यांच्या माहेरी पोचवतो. काळजी करू नगंस.”

बायकांच्या घोळक्यातून वहिनी पुढं आल्या. डोळे सुजलेले, पण मान ताठ.

“हे कुणी ठरवलं? मला कुणी इचारलं?” आबांना एवढं बोलून त्या पिंडाकडं वळल्या. “अहो, ऐका. मी कुठं जात न्हाय. हे माझं घर हाय. हितंच राहणार.”

एक कावळा उतरला. त्यांच्या बोलण्यानं उतरला की भुकेनं, ते मला सांगता येणार नाही. पण आमच्याकडं कावळ्यापुढं कुणाचं काही चालत नाही. आबांनी माहेरचा विषय पुन्हा काढला नाही.

वहिनी राहिल्या. कौतुकानं कुणी “आता तुम्ही आमच्यातल्याच झालात” म्हणालं, तरी त्यांना खपत नसे. “झाले बिले काय न्हाय. मी तिकडचीबी हाय आन् हितलीबी. तुमचा ऊस आमच्याकडं आला, तर आमी त्याला गोड व्हायला शिकवलं का?” एकटेपणी कधी पाट्यापाशी बसून त्या आपल्या भाषेत काहीतरी गुणगुणायच्या. अर्थ मी कधी विचारला नाही.

पुढं पुढं आबाच सकाळी कुंपणापाशी घुटमळू लागले. “वैनी, ते जनावराचं खाणं उरलंय का?”

“तुमच्यासाठीच ठेवलंय, नंदीबैल.”

यंदाच्या गळीत हंगामात वहिनी गेल्या. उसाचे ट्रॅक्टर खोळंबून उभे राहिले, एवढी माणसं अंगणात जमली. आंघोळ घालून झाली आणि बायका थबकल्या. बाईच्या अंगावर शेवटी माहेरची साडी पडावी लागते. वहिनींचं माहेर समुद्रापार. कुणीतरी हळूच म्हणालं, “आता कुठनं आणायची?”

आबा आपल्या घरात गेले आणि पिशवी घेऊन बाहेर आले. पिशवीत कोरी साडी होती. बारामतीतून ती कधी आणून ठेवली होती, कोण जाणे.

भावकीतले एक म्हातारे पुढं झाले. “आबा, तू दीर. सासरचा माणूस. तुझी साडी माहेरची कशी व्हईल?”

आबांचा आवाज अगदी वहिनींचा निघाला.

“आधी मिरचीला विचारा.”

हिरव्या काठांची ती साडी वहिनींच्या अंगावर पडली, आणि कुणी काही विचारलं नाही.