वायर टेकली असंल

वहिनीचा फोन आला तेव्हा मी उपकेंद्रात लसीकरणाला बसले होते. "ताई, लवकर या. तुमचे दादा गाडीतच बसून राहिले, हाक मारली तर बोलून न्हाई राहिले." त्यांचं घर तिथून जवळच. बीपीचं मशीन उचललं आणि तशीच पळत सुटले. त्याला काही आठवडे झाले, तरी मी अजून झोपेत पळते...

दादा माझा थोरला भाऊ. शेळ्या-मेंढ्या पाळणं हा आमचा घरचा धंदा. जवळा बाजारच्या आठवडी बाजाराला तो जुन्या जीपमधून बकरे न्यायचा. मागच्या उन्हाळ्यात त्या जीपचा टेम्परेचरचा काटा एकाएकी लाल खुणेवर जाऊन बसायला लागला. इंजिन तापलं म्हणावं तर वाफ नाही, पाणीही भरलेलं. मेकॅनिक म्हणाला, इंजिन खोलावं लागेल. दादा कसला ऐकतोय! त्यानं सेन्सर बदलला, काटा लालच. दोस्ताच्या गाडीचा मीटर आणून लावला, तोही लाल. मग सेन्सरवरची वायर काढली. वायर काढल्यावर काटा खाली यायला हवा, तो काही हलेना. तेव्हा कुठे सापडलं, की वायर मध्येच घासून उघडी पडली होती आणि इंजिनच्या लोखंडाला टेकत होती. काळी टेप गुंडाळली, काटा निमूट निम्म्यावर आला. "इंजिन बराबर व्हतं, नुसती वायर टेकली व्हती," हे त्यानं अख्ख्या गावाला सांगितलं. आणि ते खरंच होतं. तिथंच सगळा घात झाला.

दिवाळीत मी त्याचं बीपी घेतलं, तर ते भलतंच चढलेलं. दुसऱ्या दंडावर घेतलं, तेवढंच. तर हा बाबा हसतोय! "सुमे, तुह्या मशीनची वायर टेकली असंल." असा संताप आला मला... म्हटलं, थांब, तुझ्याच रीतीनं बघू. तोच पट्टा माझ्या दंडाला बांधला, मग वहिनीच्या. आमचं दोघींचं ठीक.

"बघ, मशीन बराबर हाय. बिघाड तुझ्यात हाय."

"अगं, पण मला काई तकलीफच न्हाई, तर गोळी काहून खाऊ?"

विनवण्या केल्या, शपथा घातल्या, वहिनीला रडायला लावलं. कधी माझ्यासमोर एखादी गोळी गिळायचा आणि वर म्हणायचा, "घे, गुंडाळली टेप." दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही. मी बोलणं टाकलं, तर शेळीचं दूध घेऊन दारात हजर. अशा माणसावर रागावून तरी किती दिवस राहणार? मेल्या, निदान बहिणीचं ऐकायचं होतंस रे.

त्या दिवशी तो बाजारालाच निघाला होता. मी पोचले तेव्हा जीप अंगणात उभी, मागे बकरे ओरडत होते आणि दादा स्टिअरिंगवर कलंडलेला. शेजाऱ्यांनी त्याला खाली निजवलं. दंड भरून येईस्तोवर मी त्याची छाती दाबत राहिले. मग पट्टा बांधला. मशीन घुरघुरलं, थांबलं, आणि आकड्याच्या जागी नुसतं एरर. पुन्हा बांधला. पुन्हा एरर. मी नर्स आहे, पहिल्यांदा हात लावला तेव्हाच मला कळलं होतं.

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय दाखवून राहिलं, ताई?"

"मशीन बिघडलंय," मी ओरडले, "दुसरं आणा!"